वळण घेतलं की विमान गिरकी खातं: लढाऊ फ्लाइट सिम्युलेटरमधली नेहमीची तक्रार

तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा येते. टेकऑफ जमतो. सरळ उडणं जमतं. लँडिंगही बरंवाईट जमायला लागलंय. पण शत्रूचं विमान मागे लागलं आणि स्टिक ओढून वळण घेतलं, की दोन-तीन सेकंदांत कॉकपिट थरथरतं, एक पंख खाली पडतो, क्षितिज गरागरा फिरतं आणि थोड्याच वेळात जमीन. विमान बदललं तरी तेच, मिशन बदललं तरी तेच. डीसीएस असो की आयएल-२ (दोन्ही संगणकावरचे लढाऊ उड्डाणाचे खेळ), दुसऱ्या महायुद्धातली पंख्याची विमानं घेतली की हे हमखास घडतं.

यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, 'सराव करा'. दुसरं, 'चांगली जॉयस्टिक घ्या'. पहिल्यातून काय करायचं ते कळत नाही. दुसऱ्यात पैसे जातात आणि बहुतेक वेळा गिरकी तशीच राहते.

माझं म्हणणं असं, की या खेळांमध्ये दोन वेगळ्या प्रकारचा अवघडपणा एकमेकांत मिसळलेला असतो. एक विमानाचा स्वतःचा. पंखाला किती कोन सोसतो, इंजिन नाक कुठे ओढतं, वेग कुठे खर्च होतो, हा तो अवघडपणा. त्यासाठीच तर माणूस सोपे खेळ सोडून इकडे येतो. १९९८ साली आलेला फाल्कन ४.० अजून बीएमएस या, चाहत्यांनी सुधारलेल्या रूपात उडवला जातो, आणि त्याच्यासोबतच्या जाडजूड पुस्तिकेबद्दल जुने खेळाडू तक्रारीच्या नव्हे, अभिमानाच्या सुरात बोलतात, ते याचमुळे. दुसरा अवघडपणा तुमच्या टेबलावरचा: चुकीची जोडणी, चुकीचा कर्व्ह (स्टिक किती हलली की खेळाने ती किती धरायची, ते ठरवणारी रेघ), नको ते चालू राहिलेले पर्याय. त्यात शिकण्यासारखं काही नाही. पडद्यावर मात्र दोन्ही सारखेच दिसतात, कारण शेवटी विमान गिरकीच खातं. म्हणून आधी टेबलावरचा काढून टाकायचा आणि मग विमानाशी भिडायचं. उलट क्रमाने गेलात तर महिनोन् महिने सराव करून चुकीचीच सवय हाताला लागते.

पुढची उदाहरणं मुख्यतः डीसीएसची आहेत, कारण तिथे ही तक्रार जास्त येते. आयएल-२ मध्ये मेनूंची नावं वेगळी आहेत, कारणं तीच.

आधी यंत्र

डीसीएसचा मूळ खेळ मोफत आहे आणि त्याच्यासोबत टीएफ-५१डी हे सरावाचं मस्टँग मिळतं. त्याला तोफा नाहीत. आपल्या कामाला तेच उत्तम. विमान धावपट्टीवर उभं करा आणि उजवा कंट्रोल व एंटर एकत्र दाबा. पडद्यावर एक छोटी चौकट येते. स्टिक, रडर (शेपटीवरचं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं, पायाने चालणारं पान), थ्रॉटल नेमके कुठे आहेत ते तीत दिसतं. तुमचा हात कुठे आहे ते विसरा, खेळाला तुमचा हात कुठे वाटतोय ते इथे बघायचं.

हात पूर्ण काढून घ्या. ट्रिम (हात न लावता विमान सरळ राहावं म्हणून करायची जुळवणी) शून्यावर असेल तर खूण मध्यावर स्थिर हवी. ती थरथरत असेल, एका बाजूला सरकलेली असेल किंवा मध्येच उडी मारत असेल तर अर्धं उत्तर सापडलं. मग स्टिक हळूहळू चारही कडांपर्यंत न्या. खूण बरोबर कडेपर्यंत जाते का, मध्येच अडखळते का, स्टिक फक्त मागे ओढल्यावर आडवीही सरकते का, ते पाहा. शेवटी थ्रॉटल पुढेमागे करा आणि त्या वेळी स्टिकची खूण हलते का बघा. ती हलायला नकोच.

हलली, तर गुन्हेगार सापडला, आणि तो फार सामान्य आहे. डीसीएस नवं उपकरण दिसलं की त्याच्या अक्षांना स्वतःहून कामं वाटून टाकतं. जॉयस्टिक, वेगळा थ्रॉटल आणि पेडल्स अशी तीन उपकरणं लावली, की तिन्हींचा पहिला अक्ष रोलला (डावी-उजवीकडे कलणं) आणि दुसरा पिचला (नाक वर-खाली) जोडला जाण्याची शक्यता असते. मग तुम्ही पेडल दाबता आणि खेळाला वाटतं तुम्ही विमान कलंडवताय. सरळ उडताना हे लक्षातही येत नाही. वळणात, जिथे रडर आणि थ्रॉटल दोन्ही हलतात, तिथे नेमकं विमान अंगावर येतं. उपाय साधा: नियंत्रणांच्या पानावर 'अ‍ॅक्सिस कमांड्स' ही यादी उघडा, पिच, रोल, रडर आणि थ्रॉटल या प्रत्येक ओळीत एकाच उपकरणाचं नाव ठेवा, बाकीचं पुसून टाका. माउसच्या रकान्यात काही असेल तर तेही. हे प्रत्येक विमानासाठी वेगळं करावं लागतं. स्पिटफायरचं दुरुस्त केलं म्हणून मस्टँगचं दुरुस्त होत नाही, आणि 'विमान बदललं तरी तेच होतं' या वाक्यामागे कैकदा एवढंच असतं.

खूण उडी मारत असेल तर जॉयस्टिकच्या आतला पोटेन्शिओमीटर, म्हणजे घासून हालचाल मोजणारा भाग, झिजलेला असतो. चुंबकीय हॉल सेन्सरच्या स्टिकमध्ये घासणारा भाग नसल्याने हा त्रास सहसा होत नाही. तात्पुरता इलाज म्हणून डेडझोन, म्हणजे मध्याजवळचा हालचाल न मोजणारा पट्टा, दोन-तीन टक्के वाढवता येतो. त्याहून जास्त वाढवू नका. मधल्या मेलेल्या पट्ट्यातून बाहेर पडताना हात जोर लावतो आणि विमान एकदम झेपावतं.

आता कर्व्ह. इथे बरेच सल्ले अर्धवट असतात. खऱ्या लढाऊ विमानाची स्टिक जमिनीतून वर आलेली, गुडघ्यांमधली लांब दांडी असते. टेबलावरची जेमतेम वीतभर. मुठीची तेवढीच हालचाल टेबलावर कितीतरी जास्त कोन देते. म्हणून पिचला कर्व्ह लावायचा, हे बरोबरच. पण कर्व्हने संवेदनशीलता नाहीशी होत नाही, ती मध्यावरून काढून टोकाकडे ढकलली जाते. मध्य मऊ झाला की टोकाचा उतार तितकाच तीव्र होतो. सरळ उडताना, नेम धरताना तुम्ही मध्याजवळ असता, तिथे सगळं छान वाटतं. घट्ट वळणात तुमची स्टिक बरीच मागे असते, म्हणजे नेमकी त्या तीव्र भागात. तिथे बोटभर हालचालीने विमान स्टॉलच्या, म्हणजे पंख उचलून धरणं सोडतो त्या मर्यादेच्या, पलीकडे जातं. स्पिटफायरचा एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारं शेपटीचं पान) मुळातच हलका, तिथे तर फारच. १५ ते २० च्या दरम्यान कर्व्ह ठेवा. तीसच्या वर गेलात तर नेम सुधारेल आणि गिरक्या वाढतील. काही जण यावर उपाय म्हणून सॅच्युरेशन कमी करून एलिव्हेटरची कमाल मर्यादाच कापतात. तसं करू नका. गिरकीतून बाहेर पडताना स्टिक पूर्ण पुढे लागते आणि तेव्हा तो कापलेला भाग हवा असतो.

दोन किरकोळ गोष्टी. यूएसबीची वायर वेगळ्या पोर्टमध्ये लावली की कधी कधी खेळ उपकरणाला नवं समजतो आणि सगळी जोडणी मूळ पदावर जाते, तेव्हा पोर्ट ठरवून टाका. आणि सगळं मनासारखं झालं की 'सेव्ह्ड गेम्स'मधल्या डीसीएसच्या फोल्डरात 'कॉन्फिग', त्यात 'इनपुट', हे फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. पुढच्या अपडेटनंतर स्वतःचेच आभार मानाल.

मग पर्याय आणि इंधन

गेम फ्लाइट मोड बंद आहे का बघा. तो चालू असेल तर विमानाचं उड्डाणगणित सोपं होतं, आणि तिथे लागलेल्या सवयी खऱ्या गणितात उलटतात. पंख्याच्या विमानांसाठी 'स्पेशल' या पानावर ऑटो-रडर आणि टेकऑफ असिस्टन्स हे पर्याय असतात. टेकऑफ शिकताना त्यांची मदत होते यात वाद नाही. पण पेडल्स किंवा पिळ देणारी स्टिक असूनही ऑटो-रडर चालूच ठेवलात, तर एकाच रडरवर दोन मालक होतात. स्वतःचा रडर वापरणार असाल तर तो बंद करा. मिशन बनवणाऱ्याने वेक टर्ब्युलन्स, म्हणजे पुढच्या विमानाच्या मागे उठणारी घुसळण, चालू ठेवली असेल, तर शत्रूच्या अगदी शेपटीमागे गेल्यावर विमान अचानक हेलपाटतं. ती गिरकी वेगळी. शत्रूच्या मार्गापासून थोडं वर राहिलात की ती होत नाही.

इंधनाकडे जवळजवळ कुणीच पाहत नाही. मस्टँग पी-५१डीच्या दोन पंखांत प्रत्येकी ९२ गॅलन आणि वैमानिकाच्या पाठीमागे ८५ गॅलनची टाकी, अशी रचना होती. ती मागची टाकी लांब पल्ल्यासाठी बसवलेली. ती भरलेली असली की विमानाचा गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि वळणात स्टिक ओढताना वाढत जाणारा विरोध कमी होत जातो. विमान स्वतःहून आणखी आत वळायला बघतं. म्हणूनच प्रत्यक्षातही ती टाकी लढाईच्या आधीच बरीचशी रिकामी करण्यावर भर असे. तुमचं मिशन मात्र शंभर टक्के इंधन भरून सुरू होतं आणि पाचव्या मिनिटाला डॉगफाइट! एकूण २६९ गॅलनपैकी पंखांतले १८४ म्हणजे सुमारे ६८ टक्के. इंधन ६० टक्क्यांवर ठेवून तेच वळण घेऊन पाहा. हाताला फरक कळेल. इतर विमानांत एवढा नाट्यमय बदल होत नाही, पण अर्ध्या तासाच्या लढाईला टाकी गच्च भरून नेण्याचं कारण तिथेही नाही.

आता विमान

इथपर्यंत सगळं तपासूनही गिरकी येत असेल तर अभिनंदन. तुम्ही खऱ्या अवघडपणापर्यंत पोचलात.

नवख्याच्या डोक्यात एक समज घट्ट बसलेला असतो: वेग कमी झाला की स्टॉल होतो. अर्धंच खरं. पंख वेगामुळे स्टॉल होत नाही, तो समोरून येणाऱ्या हवेशी त्याचा कोन मर्यादेपलीकडे गेल्यामुळे होतो. हा कोन, ज्याला वैमानिक अँगल ऑफ अटॅक म्हणतात, तो वाढवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे तुमच्या हातातली स्टिक. वेग कमी असेल तर तेवढंच वजन उचलायला कोन जास्त लागतो, म्हणून संथ विमान लवकर स्टॉल होतं. पण वेगात असतानाही जोरात ओढलंत तर पंख त्याच कोनाला पोचतो आणि तसाच हात सोडतो.

आकड्यांत बघू. समजा एखादं विमान सरळ उड्डाणात ताशी १६० किलोमीटरला स्टॉल होतं. उंची राखून ६० अंश कलून वळण घेतलं की पंखांवर वजनाच्या दुप्पट भार येतो, म्हणजे २ जी. स्टॉलचा वेग भाराच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणून तो आता सुमारे २२६ झाला. ४ जी ओढलेत तर ३२०. ६ जी ओढलेत तर ३९०च्या पुढे. म्हणजे ताशी ३५० किलोमीटर वेगाने, भरपूर वेग आहे असं समजून तुम्ही जीव खाऊन स्टिक ओढता, तेव्हा त्या विमानाला तुम्ही मागताय तेवढं वळण देणं शक्यच नसतं. ते नाही म्हणतं, थरथरतं. तुम्ही आणखी ओढता.

ती थरथर हाच संवाद आहे. खऱ्या वैमानिकाला पाठीत, मांडीत, हातातल्या स्टिकच्या ताणात जे कळतं, त्यातलं तुमच्यापर्यंत काहीच येत नाही. तुमच्याकडे आवाज आणि पडद्याचं हलणं एवढंच. म्हणून संगीत बंद, हेडफोनवर इंजिनाचा आवाज थोडा कमी आणि हवेचा आवाज ऐकू येईल असा ठेवा. प्रत्येक विमानाची इशारा देण्याची रीत निराळी. स्पिटफायरच्या पंखाला टोकाकडे पीळ दिलेला असल्याने टोकाआधी मूळ स्टॉल होतं आणि बऱ्यापैकी आधी थरथर सुरू होते. जर्मन बीएफ-१०९च्या पंखाच्या पुढच्या कडेला स्लॅट्स, म्हणजे सरकत्या पट्ट्या, आहेत, त्या कोन वाढला की आपोआप बाहेर येतात. जर्मनांचंच एफडब्ल्यू-१९० मात्र फारसं सांगत बसत नाही. घट्ट वळणात मर्यादा ओलांडली की ते झटक्यात उलट्या बाजूला पलटी खातं. म्हणून एका विमानावर बसलेला हात दुसऱ्यावर पहिल्याच दिवशी चालत नाही, आणि खरं सांगायचं तर हीच या खेळांची गोडी आहे. दोन विमानांचा फरक माहितीपत्रकात न वाचता तळहातात कळतो.

पंख पडतो एकच, दोन्ही नाही. का? कारण विमान तिरकं सरकत असतं. कॉकपिटमध्ये काचेच्या वाकड्या नळीत एक गोळी असते. ती मध्यावर असेल तर हवा नाकासमोरून येतेय. ती बाजूला गेली असेल तर एका पंखाला दुसऱ्यापेक्षा वेगळी हवा मिळतेय, आणि स्टॉलच्या क्षणी तोच आधी पडतो. जेटवाल्यांना याची फारशी फिकीर नसते. पंख्याच्या विमानात इंजिन सतत नाक ओढत असतं. मस्टँग, १०९, १९० आणि मर्लिन इंजिनाची स्पिटफायर, या सगळ्यांचा पंखा कॉकपिटमधून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो. जास्त ताकद आणि कमी वेग असताना नाक डावीकडे जातं, उजवा रडर लागतो. नंतरच्या ग्रिफन इंजिनाच्या स्पिटफायर उलट्या फिरत, तिथे सगळंच उलट. आता वळणाचा विचार करा: तुम्ही थ्रॉटल पूर्ण पुढे ठेवलाय, वेग उतरत चाललाय, म्हणजे क्षणाक्षणाला जास्त रडर लागतोय. आणि पाय मात्र जागच्या जागी. वळणभर गोळी बघत पाय हलवायचा, एवढं एक केलंत तर निम्म्या गिरक्या थरथरीवरच थांबतील. विमान स्टॉल होईल, पण सरळ नाक टाकेल. ते सावरणं सोपं.

वेग जातो कुठे

आणखी एक हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. वेग म्हणजे साठवलेली उंची. ताशी ५०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाकडे सुमारे ९८० मीटर उंचीइतकी शिल्लक असते. ३०० वर आलं की ती ३५० मीटरच्या आसपास उरते. पहिल्या भेटीतच स्टिक पोटात ओढून तुम्ही ५०० वरून ३०० वर आलात, म्हणजे ६३० मीटर उंची हवेत विरघळवली, आणि मोबदल्यात मिळालं एक अर्धं वळण. वर चढून वेग घालवला असता तर तो खाली येताना परत मिळाला असता. ओढून घालवलेला परत मिळत नाही, इंजिनाला तो पुन्हा कमवावा लागतो. लढाऊ विमानांच्या तुलनेचं हे ऊर्जेचं गणित १९६०च्या दशकात अमेरिकी वैमानिक जॉन बॉइड आणि गणितज्ञ थॉमस क्रिस्टी यांनी पद्धतशीर मांडलं. पण त्याचा गाभा १९१६ सालच्या, जर्मन वैमानिक ओस्वाल्ड बोल्केच्या नियमांतही आहे: हल्ल्याआधी वरचढ जागा मिळवा, जमल्यास सूर्य पाठीशी ठेवा.

डीसीएसमध्ये एक पेच आहे आणि तो माहीत नसला की माणूस स्वतःला दोष देत बसतो. संगणक जी विमानं उडवतो त्यांचं उड्डाणगणित खेळाडूच्या विमानापेक्षा सोपं केलेलं असतं. त्यामुळे संगणकाचं १०९ वळणात ज्या सहजतेने कडेवर टिकून राहतं आणि तिथूनच वर चढतं, तसं तुम्हाला तेच विमान देऊनही जमणार नाही. त्याच्याशी वळणाची स्पर्धा लावली की तुम्ही आणखी ओढणार आणि गिरकी ठरलेली. संगणकाला वेगाने आणि उंचीने हरवायचं: वरून झेप, एक मारा, पुन्हा वर. वळणाची हौस माणसाविरुद्ध भागवा. तिथे त्यालाही तुमच्याइतकीच गिरकी येते.

मान वळली की हात ओढतो

हे कारण सहसा कुणी सांगत नाही, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. शत्रू मागे किंवा डोक्यावर असतो. तुम्ही नजर तिकडे वळवता. त्या क्षणी क्षितिज, वेगाचा काटा, गोळी, सगळं पडद्याबाहेर गेलं. नजरेसमोर उरतो एक ठिपका, आणि तो निसटेल या धास्तीने हात नकळत मागे येतो. जो जॉयस्टिकवरच्या हॅटने (अंगठ्याने ढकलायच्या छोट्या कळीने) नजर फिरवतो त्याची तर आणखी पंचाईत: त्याच हाताचा अंगठा वर ढकलतोय आणि मूठ मागे ओढतेय. नियंत्रणाची चौकट चालू ठेवून एकदा हॅट जोरात दाबून बघा, खूण किती हलते ते.

म्हणून खर्च करायचाच असेल तर पहिला मान हेड ट्रॅकिंगचा, म्हणजे डोकं वळवलं की पडद्यावरची नजर वळवणाऱ्या सोयीचा. ट्रॅकआयआर विकत मिळतो. ओपनट्रॅक नावाचा मोफत प्रोग्राम साध्या वेबकॅमवरूनही डोक्याची हालचाल ओळखू शकतो. त्याला चांगला उजेड लागतो आणि कधी कधी तो अडखळतो, पण हॅटपेक्षा कितीतरी बरा. त्यानंतर पेडल्स. नवी स्टिक सगळ्यांत शेवटी, आणि तीही खूण उड्या मारत असेल तरच.

हेड ट्रॅकिंग असलं तरी सवय लावावी लागते: मागे दोन क्षण, पुढे एक क्षण. पुढे आलात की वेग आणि गोळी, बाकी काही नाही. शत्रू तेवढ्यात कुठेही गायब होत नाही. तो ज्या वर्तुळावर होता त्याच वर्तुळावर थोडा पुढे असतो.

गिरकी आलीच तर

थ्रॉटल बंद. हे आधी, कारण इंजिनाची ताकद गिरकी चपटी करते. एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी पानं) मध्यावर. पडलेला पंख स्टिकने आडवी मारून उचलायचा मोह सगळ्यांना होतो, आणि त्यानेच गिरकी घट्ट होते, कारण खाली झुकलेला एलेरॉन आधीच स्टॉल झालेल्या पंखाचा कोन आणखी वाढवतो. मग गिरकीच्या उलट बाजूचा रडर पूर्ण, आणि पाठोपाठ स्टिक पुढे. आता धरून ठेवायचं. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. एक फेरा झाला, काही होत नाही म्हणून दुसरंच काहीतरी करायला जातात. फिरणं थांबेपर्यंत धरा, थांबताक्षणी रडर मध्यावर, वेग वाढू द्या, मग हलक्या हाताने वर काढा. घाईने ओढलंत तर दुसरी गिरकी, आणि तिच्यासाठी उंची उरलेली नसते. जमिनीपासून हजार मीटरच्या खाली पूर्ण गिरकीत सापडलात तर पॅराशूट घ्या.

सराव करायचा तो असा. टीएफ-५१डी, तीन हजार मीटर, आकाश निरभ्र, वारा शून्य, शत्रू नाही. विमान ६० अंश कलवा, उंची राखा आणि थरथर सुरू होईपर्यंत ओढा. सुरू झाली की केसभर सोडा. पुन्हा ओढा, पुन्हा सोडा. त्या कडेवर दोन पूर्ण फेरे काढता आले पाहिजेत, गोळी मध्यावर ठेवून, डावीकडेही आणि उजवीकडेही. दोन्ही बाजूंना वेगळा रडर लागतोय हे पायाला कळलं पाहिजे. मग तेच थ्रॉटल कमीजास्त करत. मग तेच मान मागे वळवून. त्यानंतर मुद्दाम गिरकीत घाला आणि बाहेर काढा. शत्रूचं विमान यानंतर आणा, आणि पहिलं आणाल ते नि:शस्त्र, गोल गोल फिरणारं मालवाहू असू द्या.

कंटाळवाणं वाटतं? वाटतं. पण थरथरीच्या कडेवर विमान तोलून धरता येण्याचा जो आनंद आहे तो शंभर विमानं पाडण्यात नाही, असं माझं मत आहे, आणि हे मत न पटणाऱ्यांसाठी वॉर थंडर या खेळाचा सोपा, आर्केड प्रकार चांगला आहे. हे टोमणा म्हणून नाही. सगळ्यांना रोज संध्याकाळी पाय आणि गोळी सांभाळायची हौस असायलाच हवी असं थोडंच आहे.

जेट उडवत असाल तर

एफ-१६ किंवा हॉर्नेटमध्ये हा प्रश्न फारसा येत नाही, कारण तिथे स्टिक आणि नियंत्रणपृष्ठांच्या मध्ये संगणक बसलेला आहे. एफ-१६चा संगणक साधारण २५ अंशांच्या कोनापलीकडे आणि ९ जीच्या पलीकडे सहसा जाऊ देत नाही. तिथली तक्रार वेगळी असते: विमान गिरकी खात नाही, पण वळता वळता इतकं संथ होतं की नाकच हलेनासं होतं. कारण वर सांगितलेलं ऊर्जेचंच. मिग-२१चा त्रिकोणी पंख चटकन पडत नाही, पण ओढलं की वेग ओतून टाकतो. त्यात अँगल ऑफ अटॅकचा वेगळा काटा आहे, तो बघत उडवा. एफ-१४ मध्ये नाक उंच कोनात असताना विमान कलवायचं असेल तर स्टिक आडवी न मारता रडर वापरा. आडवी मारलीत तर नाक उलट दिशेला सरकतं आणि तिथून गिरकी जवळच असते.

तरीही सुटलं नाही तर

कुणा जाणकाराला दाखवायला पुरावा लागतो. 'विमान नीट वळत नाही' यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. विमान कोणतं, इंधन किती टक्के, उंची किती, वळण सुरू करताना वेग किती आणि पंख पडला तेव्हा किती, हे पाच आकडे द्या. टॅकव्ह्यू हा उड्डाणाची नोंद दाखवणारा प्रोग्राम वापरत असाल तर वेग आणि जी दोन्हींचा आलेख त्यात मिळतो, आणि बऱ्याचदा तो स्वतःच पाहिल्यावर विचारायची गरज उरत नाही. डीसीएसची ट्रॅक फाइल, म्हणजे उड्डाणाची पुन्हा चालवता येणारी नोंद, देणार असाल तर मिशन लहान ठेवा. लांब ट्रॅक पुन्हा चालवताना मूळ उड्डाणापासून भरकटतो आणि ज्या गिरकीबद्दल विचारताय ती त्यात दिसतच नाही. त्यापेक्षा थेट हवेत सुरू होणारं पाच मिनिटांचं मिशन बनवा, नियंत्रणाची चौकट चालू ठेवून पडद्याचं चित्रण करा, आणि त्यात गोळी दिसेल अशी नजर ठेवा.